पाळण्यातले पाय आणि पुढची वाट

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्यात एक म्हण आहे. घराघरांतून ती कौतुकाने उच्चारली जाते आणि कौतुकाच्या भरात एक साधी गोष्ट विसरली जाते. पाळण्यात पाय दिसतात हे खरे. परंतु पाळण्यात कोणाला चालता येत नाही. चालावयाचे तर पाळण्यातून उतरावे लागते, पडावे लागते, गुडघे फोडून घ्यावे लागतात; आणि त्या वेळी सभोवार टाळ्या वाजविणारे कोणी नसले तर ते बरेच असते. दूरचित्रवाणीवर लहानपणीच कीर्ती मिळालेल्या गायक मुलांविषयी लिहावयास बसलो असता आम्हांस ही म्हण प्रथम आठवली, त्याला एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो.

इंदुरातील आमच्या मराठी वस्तीत एका उत्सवाच्या निमित्ताने एका तरुण गायिकेचे गाणे ठरले होते. लहान असताना त्या दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेत चमकल्या होत्या आणि तेव्हा घरोघरी त्यांचे नाव झाले होते. सभामंडप भरून गेला. बाईंनी आरंभी पूरियाधनाश्री घेतला. रियाज चांगला असावा, हे पहिल्या पाच-सात मिनिटांतच जाणवले. परंतु ख्याल मध्यावर येतो न येतो तोच चिठ्ठ्या येऊ लागल्या. प्रत्येक चिठ्ठीत एकच मागणी होती: त्या स्पर्धेत आठ-नऊ वर्षांच्या वयात म्हटलेले ते गाणे म्हणा. बाईंनी हसून ते म्हटले. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि ते संपताच निम्मा मंडप प्रसादासाठी उठला.

प्रसादाच्या पंगतीत त्यांच्याशी चार शब्द बोलण्याचा योग आला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. लोक भेटतात तेव्हा त्यांची नजर आपल्याला पाहत नाही, आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या एका लहान मुलीला शोधते, असे त्या म्हणाल्या. त्या मुलीचा त्यांना राग नव्हता. परंतु ती गात होती तेव्हा तिला गाण्यातले काही कळत नव्हते, आणि आता थोडे कळू लागले आहे तर ऐकणारे सगळे तिच्याकडेच गेले आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्ही मान खाली घालून ताटाकडे पाहत राहिलो. कारण त्या चिठ्ठ्यांपैकी एक आमचीही होती.

हा अपराध एकट्या आमचा नाही. २००८ साली 'सारेगमप'ची 'लिटिल चॅम्प्स' ही मुलांची स्पर्धा 'झी मराठी'वर सुरू झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तिचा समारोप झाला. त्या काही महिन्यांत महाराष्ट्रातच नव्हे, तर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही संध्याकाळच्या जेवणाची वेळ या मुलांनी ठरविली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन ही पाच मुले अंतिम फेरीत होती. त्यांना 'पंचरत्ने' हे नाव मिळाले, आणि आळंदीची कार्तिकी विजयी ठरली. या कार्यक्रमाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अभंग, नाट्यगीत, भावगीत, लावणी हे आपले सारे धन एका पिढीच्या कानावरून जवळजवळ निसटले होते. या मुलांनी ते पुन्हा ऐकविले. अनेक घरांतून पेटी माळ्यावरून खाली आली. आमच्या शेजारच्या दोन मुलांची गाण्याची शिकवणी त्याच वर्षी सुरू झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तथापि समीक्षकाने कौतुकापाशी थांबून चालत नाही. या स्पर्धेत मूल जे गाते ते मुळात कोणाचे असते? ते कोणा थोर गायकाने पूर्वी गायलेले असते. आणि मुलाने ते जितके हुबेहूब म्हणावे तितके आपण चकित होतो. त्या हरकती, ती मुरकी, शब्दावरचा तो विशिष्ट भार, हे सारे एवढ्याशा गळ्यातून यावे याचा तो अचंबा असतो. गाणेही कापून घेतलेले, दोन-तीन मिनिटांत संपणारे. त्यात स्वरावर थांबण्यास, चुकण्यास, स्वतःचे काही शोधण्यास अवकाशच नसतो. लहानपणी अनुकरण करणे हा दोष मुळीच नव्हे. अनुकरणावाचून कोणतीच विद्या येत नाही. परंतु अनुकरणाला बक्षीस देऊन आपण त्यालाच सिद्धी म्हणू लागलो की मुलाच्या मनात एक घातक समजूत रुजते. आपण पोहोचलो, असे त्याला वाटू लागते.

त्यात शरीरही आपला धर्म सोडीत नाही. तेरा-चौदाच्या सुमारास मुलग्याचा कंठ फुटतो. स्वर जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो आणि कित्येक महिने गळा ताब्यात राहत नाही. मुलींचा आवाजही बदलतो, जरी तो बदल इतका उघड नसतो. म्हणजे ज्या आवाजावर कीर्ती उभी असते तो आवाजच निसर्ग परत घेतो. जे मूल तोपर्यंत केवळ आवाजावर गात होते, त्याच्या हाती तेव्हा काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आम्हां इंदूरकरांना फार दूर जावे लागत नाही. येथून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर देवास आहे. तेथील चामुंडेच्या टेकडीखालच्या 'भानुकुल' या घरात जे गायक चव्वेचाळीस वर्षांच्या मालव-वास्तव्याचा शेवटचा काळ राहिले, ते कुमार गंधर्व एके काळी असेच अजब बालगायक होते. त्या वेळी दूरचित्रवाणी नव्हती, परंतु ग्रामोफोन होता आणि जलसे होते. आणि तेवढ्यावर एका मुलाचे नाव साऱ्या देशात गाजले होते.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे झाला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा म्हणण्याची विलक्षण शक्ती त्या मुलात होती. सहा-सात वर्षांच्या वयातच एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्यास 'कुमार गंधर्व' म्हटले, आणि वडिलांसमवेत गावोगावी जलसे होऊ लागले. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत अकरा वर्षांच्या या मुलाने जाणत्यांना थक्क केले. पुढच्याच वर्षी मुंबईतही तसेच झाले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही अंतिम फेरी त्याने जिंकली होती.

येथून पुढे जे घडले ते मात्र आजच्या रीतीच्या उलट आहे. १९३६ साली वडिलांनी या मुलास मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्या स्वाधीन केले. देशभर गाजलेला हा गायक रागाच्या व्याकरणाचे रीतसर धडे घेण्यासाठी विद्यार्थ्यांच्या पंक्तीत येऊन बसला. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पण एकाच घराण्याचा सोवळेपणा त्यांच्यापाशी नव्हता. जे जे चांगले ते ते ऐकावे, तपासावे आणि मग आपले म्हणावे, ही त्यांच्या शाळेची रीत. याच काळात आमच्या गोमंतकाच्या अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन कुमारांस लाभले. स्वराकडे पाहण्याची जी दृष्टी पुढे कुमारांच्या गाण्यात दिसते तिच्यात या गोमंतकीय विदुषीचा वाटा आहे, हे आमच्या कोंकणी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. तात्पर्य, ज्या वयात प्रसिद्ध मुलास आपण आणखी प्रसिद्धी देतो त्या वयात त्या मुलास गुरू मिळाला आणि अकरा वर्षे मिळाला.

त्यानंतर आली ती आपत्ती. १९४७ मध्ये विवाह झाला आणि पाठोपाठ क्षयाचे निदान झाले. कोरडी हवा म्हणून १९४८ च्या आरंभी कुमार देवासास आले. गाण्यास सक्त मनाई होती. सुमारे पाच वर्षे हा गायक बिछान्यावर पडून राहिला. पत्नी भानुमतीबाई शाळेत नोकरी करून संसार ओढीत होत्या. नव्यानेच निघालेल्या स्ट्रेप्टोमायसीन या औषधाने प्राण वाचले, पण एक फुप्फुस निकामी झाले. जगाच्या दृष्टीने बालगंधर्वासारख्या उपाधीने मिरविलेला तो कुमार संपला होता. परंतु त्या पडून राहण्यात त्यांचे कान उघडे होते. खिडकीखालून माळव्यातल्या बायका गात जात. रस्त्याने नाथपंथी साधू निर्गुणी भजने म्हणत जात. हे गाणे कोणी बक्षिसासाठी गात नव्हते, आणि ते ऐकणारा गायक त्याची नक्कल करून दाखवू शकत नव्हता, कारण गळाच बंद होता. आयुष्यात प्रथमच त्यांस ऐकलेले लगेच म्हणून दाखविता आले नाही. आमच्या मते कुमारांच्या घडणीचे मर्म येथे आहे.

कुमारांच्या छोट्या-छोट्या तुकड्यांच्या गायकीचा उगम त्यांच्या अपुऱ्या श्वासात शोधण्याची एक प्रथा आहे. ती आम्हांस पुरती पटत नाही. श्वास तोकडा झाल्यामुळे गाणे तोकडे झाले असते. येथे ते अधिक अर्थपूर्ण झाले. दोन स्वरावलींमधली त्यांची शांतता ही दम खाण्याची जागा नव्हे. पुढच्या स्वराची वाट तेथे पाहिली जाते. लोकधुनांतून रागाचा उगम कसा होतो, हे त्यांनी पडल्यापडल्या ओळखले आणि मालवती, संजारी, लगनगंधार यांसारखे राग त्यांतून प्रकट झाले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अनूपरागविलास' या बंदिशसंग्रहात या चिंतनाचे फळ आहे. आणि त्याच दशकात त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा जो कार्यक्रम केला त्याचे नाव पाहावे: 'मला उमजलेले बालगंधर्व'. ज्याने लहानपणी सर्वांची हुबेहूब नक्कल करून टाळ्या घेतल्या, तोच पुरुष चाळिशीत दुसऱ्या गायकाची पदे गातो आणि आधीच सांगून टाकतो की हे बालगंधर्व मला जसे उमजले तसे आहेत. नक्कल आणि उमज यांत जे अंतर आहे ते काटावयास त्यांस तीस वर्षे लागली. लहानपणी मिळालेले 'कुमार' हे नाव त्यांनी १२ जानेवारी १९९२ रोजी देह ठेवीपर्यंत टाकले नाही. परंतु ते नाव त्यांनी दुसऱ्यांदा, स्वतःच्या कष्टाने मिळविले होते.

कोणी म्हणेल, प्रत्येक मुलास मोठे होण्यासाठी क्षय व्हावा काय? तसे आमचे म्हणणे नाही. रोगाने जे सक्तीने दिले ते समाजाने समजुतीने द्यावे, एवढेच आम्ही म्हणतो. ते देणे म्हणजे काही वर्षांचा अज्ञातवास. पांडवांच्या अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी नृत्य-गायन शिकवीत होता. त्या वर्षात गांडीव शमीच्या झाडावर बांधून ठेवलेले होते. त्या वर्षी कोणी त्यास धनुष्य चालवून दाखव म्हणाले असते तर पुढचे सारे बिघडले असते.

इंदुराकडे या दृष्टीने पाहिले तर आणखी दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली गोष्ट भावगीत-गायक अरुण दाते यांची. रसिकाग्रणी रामूभैया दाते यांचे हे चिरंजीव १९३४ साली इंदुरातच जन्मले. थोर कलावंतांची ये-जा असलेल्या घरात ते वाढले, तरी त्यांना कोणी बालगायक म्हणून मंचावर उभे केले नाही. १९६२ साली 'शुक्रतारा'ने त्यांचे नाव घरोघरी नेले तेव्हा त्यांची अठ्ठाविशी आली होती. ज्या घरात गाणे ऐकण्यास एवढे होते, त्या घराने मुलाचे गाणे विकण्याची घाई केली नाही. दुसरी गोष्ट याहून कठोर आहे. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची कन्या लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच इंदुरात जन्मली. १९४२ च्या एप्रिलात दीनानाथ गेले तेव्हा तिचे वय होते अवघे बारा. त्यानंतर चित्रपटांतून तोंडास रंग लावून जी कामे तिने केली ती हौसेची नव्हती. घरात खाणारी तोंडे होती. अभिनय आपणांस कधी आवडला नाही, हे लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितले आहे. तेव्हा लहान मुलाच्या कीर्तीचा विचार करताना, त्या कीर्तीवर घर चालते काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

या बाबतीत कायदा आता बराच जागा झाला आहे. बालमजुरी-प्रतिबंधक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम झाले. त्यांप्रमाणे बालकलावंतास दिवसाकाठी पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध त्यास उभे करता येत नाही. आणि त्याच्या कमाईचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे बँकेत मुदतठेवीत ठेवावा लागतो, तो त्यास सज्ञान झाल्यावर मिळतो. ही व्यवस्था योग्यच आहे. मुलाचे तास आणि मुलाचा पैसा तिने राखला. परंतु मुलाचे 'उद्या' राखणे हे कायद्याच्या हातचे नाही. ते घराचे आणि श्रोत्यांचे काम आहे.

आमच्याच शहरातील पलक मुछाल यांचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. लहान वयातच ही मुलगी रस्त्यावर आणि मंचावर गाऊ लागली ती हृदयविकाराने आजारी असलेल्या गरीब मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी पैसा उभा करण्याकरिता. आजवर हजारांहून अधिक मुलांच्या शस्त्रक्रिया त्या निधीतून झाल्या आहेत, आणि पुढे त्या हिंदी चित्रपटांच्या पार्श्वगायिका म्हणूनही प्रतिष्ठित झाल्या. त्यांच्या गायनाचे मूल्यमापन हा येथे विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की या मुलीच्या कीर्तीस स्वतःबाहेरचा एक हेतू होता. गाणे संपल्यावर आपण किती गोड दिसलो, यापेक्षा किती पैसे जमले, हे मोजावयाचे होते. बालपण सरल्यावर तो हेतू सरला नाही; म्हणून मोठे होताना ती बाहुलीसारखी मागे पडली नाही.

'लिटिल चॅम्प्स'ची ती पाच मुले २०२१ साली त्याच स्पर्धेच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या आसनांवर बसली. बारा-तेरा वर्षांनी घडलेले हे दृश्य अनेकांस हृद्य वाटले, आम्हांसही वाटले. परंतु त्यात एक रुखरुख होती. ज्या मंचावरून ती मुले निघाली त्याच मंचावर त्यांना परत आणूनच आपण त्यांचे मोठेपण साजरे करू शकलो. मधल्या वर्षांत त्यांतल्या प्रत्येकाने आपापल्या परीने वाट चोखाळली आहे. कोणी नाट्यसंगीताची, कोणी अभंगाची, कोणी चित्रपटाची. त्या वाटेविषयी आपल्यापैकी कितीजणांना काही सांगता येईल? त्या पर्वातील त्यांची गाणी मात्र आपणांस आजही क्रमाने आठवतात.

येथे आम्हां देवळाशी नाते असलेल्या माणसांनी थोडे आत्मपरीक्षण करावे. गोमंतकातील देवळांच्या चौकांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले गात आली. दीनानाथही मंगेशाच्या सावलीतच वाढले. त्या व्यवस्थेत गाणाऱ्या घराण्यांच्या वाट्यास जी मानहानी आली ती विसरून गतकाळाचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण सेवेच्या गाण्याचा एक गुण मान्य करावा लागतो: तेथे प्रथम श्रोता देव होता, आणि देव कोणास क्रमांक देत नाही. मूल आज चुकले तर उद्याच्या पालखीला पुन्हा गाई. त्याचा आवाज फुटला तर ते काही दिवस टाळ धरी आणि मोठ्यांच्या मागे उभे राही. त्यास लपण्यास जागा होती.

आणि बाळरूपाचे वेड तरी आपल्याइतके कोणास आहे? गोकुळाष्टमीस आपण बाळकृष्णास पाळण्यात घालतो, त्याच्या खोड्या गातो. गोकुळाची इच्छा चालली असती तर तो कायम लोणी चोरीत राहिला असता. परंतु अक्रूराचा रथ आला आणि कृष्ण मथुरेस गेला. गोकुळ रडले, त्याचे रडणे खरे होते, त्यात दोष नव्हता. तरीही कुरुक्षेत्रावर अर्जुनास जे सांगावयाचे होते ते सांगण्यास मोठा झालेला कृष्णच हवा होता. गोकुळाने रथाची चाके धरली, पण रथ अडवून ठेवला नाही. आपण मात्र चिठ्ठ्या पाठवून रथ अडवितो.

म्हणून उत्सव-समित्यांना आणि श्रोत्यांना आमची एक नम्र सूचना आहे. लहानपणी गाजलेल्या गायकास पुढे बोलावणे धाडाल तेव्हा पत्रिकेवर त्या जुन्या स्पर्धेचे नाव छापू नका. सध्या आपण कशाचा अभ्यास करीत आहात, ते आम्हांस ऐकवा, असे त्यास लिहा. तो चुकला तर चुकू द्या, आणि ख्याल संपेपर्यंत प्रसादाची पाने मांडू नका. त्या तरुण गायिकेस आम्ही पत्र लिहून पूरियाधनाश्री पुन्हा ऐकण्याची इच्छा कळविली आहे. त्या आल्या तर या वेळी आमच्या हातून चिठ्ठी जाणार नाही.